दुष्काळ सोसणारा युक्का ठाण्याच्या पावसात का कुजतो?

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून मी पहिला युक्का, म्हणजे लांब पात्यांसारख्या पानांचे शोभेचे झाड, आणला तो मे महिन्यात, आणि तोही विक्रेत्याच्या एका वाक्यावर विसंबून : “याला पाणी घालायला विसरलात तरी चालेल.” ते वाक्य खोटे नव्हते. त्याच महिन्यात आम्ही बारा दिवस गावी गेलो, पश्चिमेच्या गॅलरीत ते झाड दुपारचे ऊन झेलत उभे राहिले आणि परतल्यावर त्याचे एक पानही मलूल झालेले दिसले नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याची खालची पाने एकामागून एक पिवळी पडू लागली. मातीच्या वर बोटभर अंतरावर खोड दाबून पाहिले तर अंगठा पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला. साल गरापासून सुटली होती आणि आतून आंबूस, कुजट वास येत होता. कुंडीतले झाड दोन बोटांनी वर ओढले, तर ते मुळांशिवायच हातात आले.

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. युक्काच्या काही जातींचे घर असलेल्या अमेरिकेतील मोहावे वाळवंटाच्या अनेक भागांत एवढे पाणी पाच-सहा वर्षांतही पडत नाही. ही तुलना ऐकली की वाळवंटातले झाड आपल्याकडे टिकणारच नाही, असे वाटू लागते. प्रत्यक्षात आपल्या रोपवाटिकांत सर्वांत जास्त दिसणारा, पानांच्या टोकाला फारसा काटा नसलेला ‘युक्का जायगँटिया’ वाळवंटातला नाहीच. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला असून तिथे पावसाळा चांगला असतो. म्हणजे दोष एकट्या पावसाला देता येत नाही. पावसाचे पाणी मुळांभोवती किती वेळ थांबते, यावर सगळे अवलंबून आहे.

या झाडाच्या नावामागेच एक गल्लत आहे. ‘युका’ हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द ज्या कंदासाठी होता, तो कसावा, म्हणजे ज्याच्या पिठापासून आपला उपासाचा साबुदाणा बनतो तो कंद. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते नाव चुकून या पात्याच्या झाडाला लावले, लिनियसने १७५३ मध्ये तेच प्रजातीचे नाव म्हणून पक्के केले आणि चूक कायमची झाली. दोन्ही वनस्पतींचे एकमेकींशी काहीही नाते नाही. युक्काचे खरे नातलग आपल्या ओळखीचे आहेत : शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला दिसणारे, दोरखंडासाठी ज्याचा वाख काढतात ते घायपात याच कुळातले. फरक असा, की घायपाताचा पर्णगुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, तर युक्का वाढत्या वयात पुन्हा पुन्हा फुलू शकतो.

युक्का कोरड्या दिवसांत तग धरतो त्याची कारणे अनेक आहेत. पानांवर मेणाचा जाड थर असतो. खोडात पाणी आणि अन्न साठवून ठेवलेले असते. जायगँटियाच्या बुंध्याचा तळ वयानुसार हत्तीच्या पायासारखा फुगतो आणि त्यावरूनच त्याचे जुने शास्त्रीय नाव ‘एलिफंटाइप्स’ असे होते. याहून मजेदार युक्ती काही जातींच्या पानांत आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. ‘युक्का एलॉइफोलिया’ ही जात रंध्रे रात्री उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, त्याच साठ्यातून, उन्हाच्या बळावर साखर बनवते. ‘युक्का फिलामेंटोसा’ मात्र इतर झाडांप्रमाणे दिवसाच काम करते, आणि या दोघींचा संकर असलेली ‘युक्का ग्लोरिओसा’ दोन्ही पद्धतींच्या अधेमधे आहे. तेव्हा ‘युक्का म्हणजे रात्री श्वास घेणारे झाड’ हे जे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे.

रात्रीच्या या आम्लाचा एक जुना पुरावा भारतातलाच आहे. दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान पहाटे चावून पाहिले तर ते आंबट लागते, दुपारी त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते कडवट होते, असे निरीक्षण कळवले आणि ते १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. गॅलरीत पानफुटी असेल तर हा प्रयोग घरी करता येतो. चव पाहून पान थुंकून टाकावे. युक्कावर मात्र तो करू नये, कारण त्याच्या अंगात सॅपोनिन असते. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. मांजर किंवा कुत्र्याने युक्काची पाने चघळली, तर त्याला उलट्या होऊ शकतात.

या सगळ्या युक्त्या पाणी वाचवण्याच्या आहेत. जास्तीचे पाणी सोसण्याची युक्ती त्यांत एकही नाही. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा प्रवास जवळजवळ थांबतो, कारण तो हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश पाण्यात पसरतो. गुदमरलेली मुळे मरू लागतात, आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे, ओल्या मातीत पोहत जाणारे बीजाणू सोडणारे रोगकारक जीव त्यांवर तुटून पडतात. त्यातच जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, हवा दमट असते, पानांतून पाणी उडत नाही आणि झाड मातीतले पाणी उचलतच नाही. माझ्या झाडाची पाने पिवळी पडली तेव्हा त्याची मुळे आधीच गेलेली होती. पिवळी पाने पाहून पाणी वाढवणे, ही अशा वेळी हमखास होणारी चूक आहे.

कुंडीत पाणी का साचते, हे समजण्यासाठी भांडी घासण्याचा एक नवा, आयताकृती स्पंज पुरेसा आहे. तो पाण्यात पूर्ण भिजवून, न पिळता, तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी ठिबकते आणि मग थांबते. आता तोच स्पंज लांबट बाजूवर उभा करावा, की पुन्हा धार लागते. स्पंज तोच, छिद्रेही तीच. कारण असे, की केशाकर्षणामुळे प्रत्येक सच्छिद्र पदार्थ आपल्या तळाशी ठरावीक उंचीचा, पाण्याने तुडुंब भरलेला थर धरून ठेवतो. आडव्या स्पंजाचा बहुतेक भाग त्या थरातच मोडतो, उभ्याचा थोडाच. कुंडीतही हेच होते. म्हणून पसरट, उथळ कुंडीपेक्षा तितकीच माती मावणारी उंच कुंडी युक्काला बरी. म्हणूनच तळाशी खडे किंवा खापऱ्या भरल्या की निचरा सुधारतो, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूतही टिकत नाही : बारीक मातीतले पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ओला थर खड्यांच्या वर जाऊन बसतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा ठेवला की झाले.

उपाय करायचा तो संपूर्ण मातीत. रोपवाटिकेत पोत्याने मिळणारी लाल माती दोन पावसांत विटेसारखी घट्ट बसते आणि नुसते कोकोपीट आठवडाभर ओले राहते. मी आता एक भाग माती, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग विटांचा चुरा आणि मूठ-दोन मुठी जुने शेणखत असे मिश्रण करतो. यातली महत्त्वाची पायरी चाळण्याची आहे. मुरूम आणि विटा पिठाच्या चाळणीतून काढून खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची आणि वर राहणारे, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे तेवढे घ्यायचे, कारण भुकटीच पोकळ्या बुजवते. पाडलेल्या इमारतींच्या विटा आमच्या भागात फुकट मिळतात, पण त्यांना चिकटलेले सिमेंट आणि चुना माती अल्कधर्मी करतात, तेव्हा त्या खरवडून घ्याव्यात. कुंडी भाजक्या मातीची असावी आणि मुळांच्या गड्ड्याहून दोन-तीन इंचच रुंद असावी. झाड मोठे होणार म्हणून आधीच मोठी कुंडी घेतली, तर जिथे मुळे पोहोचलेली नाहीत तिथली माती ओलीच राहते. दिवाणखान्यात शोभणाऱ्या, तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंड्यांविषयी न बोललेले बरे.

पाण्याचे वेळापत्रक मी मोडीत काढले आहे. विझलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीत कडेने तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. तिला ओली माती चिकटली असेल तर पाणी घालायचे नाही. या हिशेबाने एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा आणि थंडीत पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते. घालायचे तेव्हा खालून वाहीपर्यंत घालावे आणि बशीतले पाणी ओतून टाकावे. उजेड मात्र भरपूर हवा. तरीही रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली वाढलेले झाड थेट मेच्या उन्हात ठेवले तर पानांवर पांढरट चट्टे पडतात. पंधरवडाभर हळूहळू ऊन वाढवावे. खत फेब्रुवारीत थोडे दिले की पुरे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून काढावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी पागोळीखालून हलवून भिंतीलगत न्यावी, जिथे हवा आणि उजेड मिळेल पण सरी पोहोचणार नाहीत. जमिनीत लावायचा असेल तर उतारावर किंवा फूटभर उंच वाफ्यावर लावलेला युक्का आपला पावसाळाही सहज काढतो. नेरूळ-वाशीकडे खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा त्याला फारसा त्रास होत नाही. ग्लोरिओसा आणि एलॉइफोलिया या जाती तर मूळच्या अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवरच्या आहेत. वाऱ्याने कुंडी कलंडण्याची भीती मात्र खरी आहे, कारण युक्काचा भार वरच्या बाजूला असतो. दहाव्या मजल्याच्या ग्रिलच्या बाहेर तो ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आपल्याकडे कुंडीतला युक्का क्वचितच फुलतो. फुलला तर पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांचा मोठा तुरा येतो. एल साल्व्हादोरचे ते राष्ट्रीय फूल आहे, आणि आपण हादग्याची फुले खातो तशी तिथे ती अंड्यात घालून खातात. पण आपल्याकडे त्या तुऱ्याला फळ धरण्याची आशा जवळजवळ नसते. अमेरिकेत युक्काचे परागीभवन विशिष्ट पतंग करतात : मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागांचा गोळा करते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग तो पराग स्वतः कुक्षीवर नेऊन दाबते. तिच्या अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. १८७० च्या दशकात अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान आणि कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी हा व्यवहार उलगडला, तेव्हा डार्विननेही त्याविषयी थक्क होऊन लिहिले होते. तो पतंग भारतात नाही.

बी नाही म्हणून आपल्या बाजारातला बहुतेक युक्का हा कोणत्या तरी जुन्या झाडाच्या खोडाचा तुकडा असतो. एका कुंडीत वेगवेगळ्या उंचीची दोन-तीन खोडे आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर मेण दिसते ते त्यामुळेच. माझे झाड वाचले तेही याच गुणामुळे. मुळांशिवाय हातात आलेले खोड मी स्पिरिटने पुसलेल्या करवतीने वर-वर कापत गेलो. पहिल्या दोन कापांत गर तपकिरी होता, तिसऱ्यात त्यात तांबूस रेषा होत्या, चौथ्यात तो कच्च्या बटाट्यासारखा पांढरा निघाला आणि तिथे थांबलो. शेंड्याचा तुकडा आणि पाने नसलेला मधला तुकडा, असे दोन भाग उरले. मधल्याच्या वरच्या टोकावर खडूने खूण केली, कारण मुळे नेहमी खालच्या टोकालाच फुटतात आणि उलटा लावलेला तुकडा वाया जातो. जुलैच्या दमट हवेत काप सुकेनात, तेव्हा दोन्ही तुकडे नऊ दिवस पंख्याखाली ठेवले, मग जाड वाळूत रोवले आणि पहिला आठवडा पाणी दिले नाही. नवरात्रात शेंड्याचा तुकडा हळूच ओढून पाहिला, तो हलला नाही. मधल्या तुकड्याने डिसेंबरपर्यंत काहीच केले नाही. मग खडूच्या खुणेखाली साल फुगली आणि तिथून गव्हाच्या दाण्याएवढे दोन हिरवे कोंब बाहेर आले.