टाळूत स्क्रू बसवायचा, पण नेमका कुठे?

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे लावून बघा. आधी एक छोटा उंचवटा लागेल, मग आडव्या खरखरीत वळ्या, आणि त्या संपल्या की टाळू एकदम गुळगुळीत. वळ्या संपतात त्याच्या लगेच मागची जागा ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, फार आवडते, तिथे ते २ मिमीच्या आसपास जाडीचा छोटासा टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, त्यालाच मिनी-इम्प्लांट म्हणतात.

स्क्रू कशाला? एखादा दात मागे ओढायचा तर दुसऱ्या कशाला तरी धरूनच ओढावा लागतो, आणि दाढेला धरलं तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दाढ पण पुढे सरकायला लागते, जे आपल्याला नको असतं. स्क्रू हाडात घट्ट बसलेला असतो, मग सगळा जोर त्याच्यावर जातो आणि दाढ जागची हलत नाही. काम झालं की स्क्रू काढून टाकतात.

आता टाळूच का, तर तिथे मधल्या भागात दातांची मुळं आड येत नाहीत आणि हिरडीही पातळ आणि घट्ट असते. पण टाळू सगळीकडे सारखी नसते हो. पुढे हाड जाड, मागे आणि बाजूला जावं तसं पातळ होत जातं, आणि त्या हाडाच्या वर थेट नाकाचा तळ आहे. पार पुढे, मधोमध एक नळी असते ज्यातून मज्जातंतू आणि रक्तवाहिनी जाते, आणि दोन्ही बाजूंना दाढांच्या आतल्या अंगाने टाळूची मोठी रक्तवाहिनी पुढे येते. शिवाय मधोमध दोन हाडांचा सांधा आहे, तो वाढत्या मुलांमध्ये अजून जुळलेला नसतो म्हणून त्यांच्यात स्क्रू सांध्यात न घालता थोडा बाजूला घालतात. हे सगळं सांभाळून जी सुरक्षित जागा उरते तिला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे ऑर्थोडॉन्टिस्ट बेनेडिक्ट विल्मेस यांनी टी-झोन म्हटलंय.

मग प्रत्येकाचा थ्रीडी स्कॅन काढायचा का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. ब्रेसेस लावायच्या आधी डोक्याचा बाजूने जो एक्स-रे काढतात, लॅटरल सेफ, तो तसाही फाइलमध्ये असतोच. हे तंत्र १९३१ पासूनचं आहे, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी एकाच वर्षी मांडलेलं. टाळूचं हाड किती उंच आहे ते त्यात चांगलं कळतं, आणि मधोमध तर खरं हाड दिसतं त्याहून थोडं जास्तच असतं, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. ह्याची अडचण एकच, डावं-उजवं एकावर एक पडतं, त्यामुळे बाजूला सरकलं की किती हाड आहे ते सांगता येत नाही.

तिथे सीबीसीटी, म्हणजे वर म्हटलेला थ्रीडी स्कॅन, कामी येतो. इटलीतल्या वेरोनाच्या टीमने १९९८ मध्ये दातांसाठीचं हे मशीन मांडलं, त्यात एक्स-रेचा शंकू डोक्याभोवती फिरतो आणि कॉम्प्युटर सगळा भाग थ्रीडीत उभा करतो. सुळा टाळूतच अडकलाय, टाळू दुभंगलेली आहे, किंवा मोठ्या माणसाचा जबडा स्क्रूच्या जोरावर रुंद करायचाय, अशा केसमध्ये हा स्कॅन हवाच. शेवटच्या प्रकारात तर स्क्रू हाडाच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही कठीण थरांत पकडायला लागतो, म्हणून मिमीच्या हिशोबाने मोजून लांबी ठरवावी लागते.

रेडिएशन मात्र सेफपेक्षा बरंच जास्त, सेफला जेमतेम काही मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) तर सीबीसीटीला दहा-वीसपासून काहीशेपर्यंत, किती भाग स्कॅन केलाय त्यावर अवलंबून. तुलनेला, आपल्याला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २४०० मिळतात, म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण पेशंट बारा-तेरा वर्षांचा असेल तर विनाकारण का द्यायचं? स्कॅन घ्यायचाच तर फक्त वरच्या जबड्यापुरता छोटा घ्या. आणि एक गोष्ट डॉक्टरही कधीकधी विसरतात, सीबीसीटीतल्या करड्या छटांवरून हाड किती घट्ट आहे ते खात्रीने सांगता येत नाही, जाडी सांगता येते.

पुढची पायरी मला सगळ्यात भारी वाटते. तोंडाचा डिजिटल स्कॅन घेतात, दातांचा आकार जुळवून तो सीबीसीटीवर नाहीतर सेफवर बसवतात आणि स्क्रू आधी स्क्रीनवरच लावून बघतात, कोन, खोली, मुळापासूनचं अंतर सगळं. मग दातांवर चपखल बसणारा गाइड थ्रीडी प्रिंट करतात, त्याला ठरलेल्या कोनात भोकं असतात, डॉक्टर त्यातूनच स्क्रू फिरवतो. दोन स्क्रू एकमेकांना समांतर बसले की त्यांच्यावरचा धातूचा सांगाडा आधीच तयार ठेवता येतो, आणि पेशंटचं एका बैठकीत काम होतं.