हिऱ्याचे पैलू: वजन आणि प्रकाश यांची जुनी ओढाताण

कच्चा हिरा बऱ्याचदा अष्टफलक असतो, म्हणजे तळाला तळ लावलेले दोन चौकोनी पिरॅमिड. चौदाव्या शतकात युरोपातल्या कारागिरांनी या आकाराला फारसा धक्का लावला नाही. बाजू घासून चकचकीत केल्या, इतकंच. तेही सोपं नव्हतं, कारण अष्टफलकाची मूळ बाजू घासायला सर्वांत चिवट. ती जराशी तिरकी धरली तरच चाकावर झिजते. पंधराव्या शतकात वरचं टोक घासून सपाट ‘टेबल’ काढलं गेलं. पुढे चपट्या खड्यांसाठी सपाट तळाचा रोझ कट आला.

खरी गोम खालच्या बाजूत, म्हणजे पॅव्हेलियनमध्ये आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, २.४२. आतला किरण पैलूच्या लंबाशी २४.४ अंशांहून जास्त कोन करून आला तर बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. स्फटिकाच्या बाजूंचा आडव्या पातळीशी उतार सुमारे ५४.७ अंश. वरून सरळ आलेला किरण पहिल्या पैलूवरून परततो खरा, पण समोरच्या पैलूवर जेमतेम १६ अंशांनी आदळतो आणि खालून निसटतो. उतार ४१ अंशांपाशी आणला, की दुसरा कोन ५७ होतो आणि प्रकाश वर परततो. मात्र त्यासाठी बराच माल घासून पूड करावा लागतो, आणि भाव तर वजनावर.

भारतीय कारागिरांचा कल उघडपणे वजनाकडे होता. सतराव्या शतकात इथल्या खाणी पाहिलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवलंय, की स्वच्छ खड्याला ते चाकावर जुजबी फिरवत. डाग असला, तर तो झाकायला बारीक पैलू पाडत. याची दुसरी बाजू कोहिनूरमध्ये दिसते. १८५१च्या लंडन प्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला. १८५२मध्ये ॲमस्टरडॅमहून आलेल्या कारागिरांनी नव्याने पैलू पाडले आणि आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा दगड १०५.६वर आला. झळाळी वाढली, पण किंमत फारच मोठी मोजली, असंच म्हणावं लागेल.

गणित बदललं ते यंत्रांमुळे. १८७०च्या दशकात खडा गोल करणारं यंत्र आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांत्रिक करवत आली; वरचं टोक पूड होण्याऐवजी दुसरा लहान हिरा म्हणून वाचू लागलं. मग १९१९मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी गोल ब्रिलियंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या गोल, अनेक पैलूंच्या घडणीचं, प्रमाण मांडलं: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राऊनचा, म्हणजे वरच्या भागाचा, कोन ३४.५ अंश, पॅव्हेलियनचा ४०.७५.

या आकड्यांना थोडी मोकळीक चालते, पण पॅव्हेलियनमध्ये ती फार कमी. तो बराच उथळ राहिला की टेबलमधून कंबरेचं, म्हणजे गर्डलचं, पांढुरकं कडं दिसतं. बराच खोल गेला की मधोमध काळा डाग. २००६पासून जीआयए ही हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था गोल ब्रिलियंटला ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशी पाच पायऱ्यांची कट-श्रेणी देते.

तरी जुनी ओढ संपलेली नाही. पूर्ण कॅरेटला भाव उडी घेतो, म्हणून ०.९६ला थांबायला हवा असलेला खडा जाड गर्डल ठेवून १.०१वर नेला जातो. नीट घडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. प्रमाणपत्रावर ६.२ दिसलं, तर उरलेलं वजन पोटात किंवा कंबरेत लपलंय, आणि पैसे त्याचेही मोजावे लागतात. ओव्हल आणि मार्कीझ (दोन्ही टोकांना निमुळता) आकारांना जीआयएची कट-श्रेणी लागू नाही. त्यांत मधल्या भागात आडवी ‘बो-टाय’सारखी काळी सावली पडते का, हे खडा हलवूनच पाहावं लागतं.