खडकाच्या बेटावर कोण तग धरते?

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या गोपाचलावर उभा आहे, तो सुमारे तीन किलोमीटर लांब आणि भोवतालच्या सपाटीपासून साधारण शंभर मीटर उंच असा वालुकाश्माचा एकटा डोंगर आहे. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ या भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तो रोज दिसतो. पण त्याच्याकडे पाहताना आपली नजर तटाबुरुजांवर आणि उरवाईच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्तींवरच थांबते. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र असा डोंगर म्हणजे मातीच्या समुद्रातले बेट होय. पूर्व आफ्रिकेतील अशा एकाकी टेकड्यांना जर्मन भूशास्त्रज्ञ विल्हेल्म बोर्नहार्ट यांनी १९०० साली ‘इन्सेलबर्ग’, म्हणजे बेट-डोंगर, असे नाव दिले आणि ते अभ्यासकांमध्ये रूढ झाले.

उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उघडा खडक हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो. तरीही कोणती वनस्पती खडकावर नेमकी कोठे वाढेल, हे उष्णतेपेक्षा पाणी किती काळ टिकते यावर अधिक ठरते. पायथ्याच्या शेतावर आणि माथ्यावरच्या खडकावर पाऊस सारखाच पडतो. शेतात तो मुरतो, खडकावरून मात्र काही मिनिटांत वाहून जातो. हे वाहणारे पाणी ज्या भेगेत उतरते, तिच्या वाट्याला तिच्या तोंडावर पडणाऱ्या पावसाच्या अनेक पट पाणी येते. म्हणूनच मूठभर मातीही न दिसणाऱ्या कड्यातून पिंपळ फुटलेला दिसतो. त्याची मुळे भेगेतून खोलवरची ओल गाठतात, आणि त्याचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून तेथवर पोचलेले असते.

भेग सोडून हातभर बाजूला गेले की परिस्थिती पालटते. उघड्या दगडावर पावसाचे पाणी ओघळते तेथे काळे पट्टे दिसतात. अनेकांना तो मळ किंवा धूर वाटतो, पण पुष्कळदा ते नीलहरित जीवाणूंचे जिवंत थर असतात. त्यांच्या शेजारी शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून घडलेली दगडफुले चिकटलेली असतात. आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल याच गटातले. महिनोन्‌महिने ती कोरडी पडून राहतात आणि ओल मिळताच पुन्हा अन्न तयार करू लागतात.

खडकावरच्या उथळ खळग्यांत, जेथे बोटभर जाडीची माती साठते, तेथे खरी नवलाई पाहायला मिळते. भारतात अशा जागी उगवणारे ओरोपेटियम थोमियम हे अगदी बुटके गवत वाळून पार पाचोळा झाले तरी मरत नाही. निवडुंग पाणी साठवून ठेवतो, सालई पाने गाळून खर्च वाचवते. हे गवत मात्र पेशींतले जवळजवळ सगळे पाणी जाऊ देते. वाळताना पेशींत शर्करा आणि विशिष्ट संरक्षक प्रथिने साठतात, त्यामुळे पेशीतील द्रव्य काचेसारखे घट्ट होऊन आतली रचना मोडत नाही. पाऊस आला की तीच पाने पुन्हा हिरवी होतात. या गवताचा जनुकसंच डीएनएच्या अवघ्या सुमारे २४.५ कोटी अक्षरांचा, गवतांमध्ये अतिशय लहान आहे. तो २०१५ साली वाचला गेला, आणि दुष्काळात टिकणाऱ्या पिकांचा शोध घेणारे संशोधक आता त्याकडे वळले आहेत.

अशा वनस्पती जगभर कशा विखुरल्या आहेत, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. ब्राझीलच्या खडकांवर वाळून जगण्याचे काम वेलोझियाच्या जाती करतात, पश्चिम आफ्रिकेत आफ्रोट्रायलेपिस नावाची लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती करते, तर पूर्व आफ्रिका आणि मादागास्करमध्ये झेरोफायटा. म्हणजे जागा तीच, अडचण तीच, आणि ती सोडवणारी कुळे मात्र कित्येकदा वेगवेगळी. कोणत्या बेटावर कोण पोचले, हा भाग योगायोगाचा. पोचलेल्यांपैकी कोण टिकले, हे खडकाने ठरवले. नेच्यांचे आणि शेवाळांचे बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात, पण जड बियांच्या वनस्पतींना मधली शेते आणि वस्त्या ओलांडणे फार अवघड जाते.

आपल्याकडे या वनस्पतींकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. पश्चिम घाटातून वाळून पुन्हा जगणाऱ्या जेमतेम नऊ जाती पूर्वी माहीत होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी ती संख्या ६२ वर नेली. मध्य भारतातल्या एकाकी खडकांचीही अशीच बारकाईने पाहणी व्हावी, असे मला मनापासून वाटते. विंध्याच्या परिसरात जत्रांतून ‘संजीवनी’ म्हणून विकली जाणारी, पाण्यात टाकताच उलगडणारी तपकिरी गुंडाळी ही सिलॅजिनेला ब्रायॉप्टेरिस याच गटातली आहे. ती खडकावरून मुळासकट ओरबाडून आणतात. खडकावरची तिची गादी निघाली की तिने धरून ठेवलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते, आणि त्या खळग्यात पुन्हा बोटभर थर साचायला फार मोठा काळ लागतो.