फीडला शेवटचं पान नसतं

वर्तमानपत्राचं शेवटचं पान उलटलं की वाचणं संपतं. घडी घालून पेपर बाजूला ठेवायला मनाला बजावावं लागत नाही. मोबाइलवरच्या फीडला असं शेवटचं पान नाही. पूर्वी वेबपानाच्या तळाशी ‘पुढे’ असं बटण असायचं, तिथं बोट क्षणभर थांबायचं. २००६ साली आझा रास्किन या डिझायनरने ते बटणच नाहीसं करणारी रचना तयार केली. सरकवाल तसा मजकूर येत राहतो. पुढे त्यांनीच याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सोशल मीडियातून सुट्टी घ्यायची म्हणजे हा हरवलेला थांबा परत मिळवायचा.

मेंदूच्या बाजूने पाहू. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत फळाचा रस मिळण्याआधी एक खूण दाखवली जायची. सवय झाल्यावर डोपामिनच्या (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाच्या) पेशी रसाला नव्हे, खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. २००३ च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना वाट पाहण्याच्या काळात या पेशी सर्वाधिक जाग्या राहिल्या. फीडचं तेच आहे. दहा पोस्टी रटाळ, अकरावी झकास, आणि ती कधी येईल याचा पत्ता नाही. म्हणून फोनचा नुसता ‘टिंग’ आवाज झाला तरी हात खिशाकडे जातो.

सुट्टीने काय साधतं? २०१८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही लोकांनी मोबदला घेऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. रोज सुमारे तासभर मोकळा झाला, समाधान थोडं वाढलं, बातम्यांची माहिती मात्र घटली. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. आयुष्य पालटेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. बातम्यांची उणीव बेळगावात सकाळच्या मराठी पेपरने आणि गावच्या वाचनालयाने सहज भरून निघते.

आता प्रत्यक्ष काम. पहिला आठवडा काहीही बंद न करता अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मधले दोन आकडे रोज वहीत उतरवा: किती मिनिटं आणि फोन किती वेळा उघडला. दुसरा आकडा जास्त बोलका असतो. मग व्हॉट्सॲप वेगळं काढा. दूध डेअरी, शाळा, भिशी, नातेवाईक यांचे निरोप तिथंच येतात. ते बंद केलं तर सुट्टी तीन दिवसांत मोडते. कामाचे चार-पाच ग्रुप ठेवून बाकीचे ‘कायमचे म्यूट’ आणि अर्काइव्ह करा. इन्स्टाग्राम व फेसबुकचं खातं पुसू नका, फक्त ॲप काढा आणि ब्राउझरमधूनही लॉगआउट व्हा. फेसबुक खातं तात्पुरतं बंद केलं असेल तर एक फट राहते: दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये ‘फेसबुकने लॉगिन’ केलं की खातं आपोआप चालू होतं. यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसून बंद केली की होम पानावरच्या शिफारशी थांबतात. हे राहून गेलं तर इन्स्टाचा सगळा वेळ यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंमध्ये, शॉर्ट्समध्ये, जातो, आणि बहुतेकांची सुट्टी इथंच फसते. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, गजराचं घड्याळ वेगळं आणा.

सुरुवातीचे दिवस चिडचिडीचे जातात. फोन न वाजताच मांडीला थरथर जाणवते. ते नैसर्गिक आहे. खूण आली, रस आला नाही. त्या वेळी नुसतं बसून राहणं सगळ्यात अवघड, म्हणून हाताला काम हवं, आणि ते संपणारं हवं. दोन्ही हात अडकले तर आणखी बरं. बेळगावचा मांडा हे त्याचं नामी उदाहरण. पिठीसाखर, खसखस, वेलचीचं सारण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत ताणायची, तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायची आणि गरम असतानाच घडी घालायची. दोन क्षण लक्ष ढळलं तर तो कडक होतो आणि घडीवर मोडतो. फोन बघायला जागाच नाही. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या लोकांनी सुट्टी भाताच्या सुगीला जोडावी. कापणीत विळा हातात असतो आणि वाफा संपला की काम संपलेलं डोळ्यांना दिसतं. बेळगाव शहरात राहणाऱ्यांना जवळच राजहंसगड किल्ला आहे. चढायचं, वर पोचायचं, उतरायचं.

चार आठवड्यांची सुट्टी संपल्यावर ॲप परत टाकताना मर्यादाही सोबत टाका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांच्या प्रयोगात, ज्यांनी तीन आठवडे प्रत्येक ॲप रोज १० मिनिटांवर आणलं, त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं. तीच १० मिनिटं ॲप टायमरमध्ये भरा. वेळही ठरवून घ्या, संध्याकाळच्या चहानंतरची, आणि पहिल्या आठवड्याचे आकडे लिहिलेली वही त्या वेळी शेजारी उघडी ठेवा.