सासर सुरतला असलं तरी तक्रार अमळनेरला करता येते

खानदेशातल्या कितीतरी लेकी सुरत-उधन्याला दिलेल्या. मार खाऊन, लेकरू कडेवर घेऊन माहेरी परतली की गावात एकच सल्ला मिळतो: "जठे घडनं, तठेच तक्रार." कधी ठाणे अंमलदारही तेच सांगून माघारी धाडतो. हे खरं नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चं कलम २७ स्पष्ट आहे. बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती आसऱ्याला आलेली असली तरी, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. संरक्षण, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं तिथेच मागता येतं. छळाच्या फौजदारी गुन्ह्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हाच निर्वाळा दिला. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून तपास करता येतो असा गुन्हा, नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवून तो ज्या ठाण्याच्या हद्दीत घडला तिथे पाठवायचा.

पोलिसांचं काम तिथे संपत नाही. संरक्षण अधिकारी (अशा बाईला मदत करायला सरकारने नेमलेला अधिकारी) कोण, मोफत वकील कसा मिळतो, हे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ नुसार त्यांनीच तिला सांगायचं असतं. माझ्या मते, तिच्यासमोरच ठाण्यातून संरक्षण अधिकाऱ्याला फोन लागला पाहिजे. हातात पत्त्याची चिठ्ठी देऊन तिला एकटीला जळगावला पाठवणं म्हणजे पुन्हा सुरतच्या गाडीत बसवणं. कारण त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जायला भाड्याचे पैसे कुठून आणायचे, हा तिचा पहिला प्रश्न असतो.

तातडीची मदत ११२ वर, महिला हेल्पलाइन १८१ वर.