सिबिल आणि नोकरी

सिबिल खराब असणं म्हणजे घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकल्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडं, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडं असणं, आणि या नोंदीपायी पुढचं कर्ज तर अडतंच पण काही ठिकाणी हातातोंडाशी आलेली नोकरीसुद्धा जाते. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, २००० साली सुरू झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल म्हणतात. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या अजून तीन कंपन्या हेच काम करतात, पण कोल्हापुरात ‘माझं इक्विफॅक्स खराब झालंय’ असं म्हणणारा माणूस अजून भेटायचाय, सगळ्यांचं सिबिलच खराब होतं.

स्कोअर ३०० ते ९०० च्या मधे असतो आणि सगळी चर्चा त्या आकड्याचीच चालते. नोकरी देणारा मात्र बहुतेक वेळा आकड्यापेक्षा रिपोर्टच बघतो. रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा भरला ते त्यात दिसतं, ३०, ६० असं, आणि ९० च्या वर गेलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत खात्यात जमा. त्याशिवाय ‘सेटल्ड’ आणि ‘राईट ऑफ’ (कर्ज बुडीत खाती टाकलं) हे दोन शिक्के असतात. सेटलमेंट करून निम्मे पैसे भरले की माणसाला वाटतं सुटलो एकदाचा, पण रिपोर्ट वाचणाऱ्याला ‘सेटल्ड’चा अर्थ बँकेनं उरलेल्यावर पाणी सोडलं असाच लागतो.

हे बघतं कोण? शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर घेताना किंवा इचलकरंजीत मागावर माणूस घेताना सिबिल कोण विचारत नाही, तिथं हात चालतो का एवढंच बघतात. विचारतात ते बँका, फायनान्स कंपन्या, म्हणजे जिथं दुसऱ्याच्या पैशाला हात लागणार तिथं, आणि पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात त्यात कधी कधी. अभ्यासिकेत दोन-तीन वर्षं घासून बँकेची परीक्षा देणाऱ्या पोरांना याचा फटका जास्त. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसनं २०२३ च्या जाहिरातींत जॉइन होताना सिबिल किमान ६५० पाहिजे अशी अटच घातली होती, तेव्हा बराच गोंधळ उडाला, पुढं ती अट सैल झाली आणि थकबाकी असेल तर ती जॉइनिंगच्या आधी मिटवा नाहीतर कर्ज देणाऱ्याकडून एनओसी, म्हणजे आता काही देणं नाही असं पत्र आणा असं रूप राहिलं. स्टेट बँकेचं प्रकरण तर कोर्टात गेलं. सर्कल बेस्ड ऑफिसर म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक बँकेनं २०२१ मधे सिबिलमधल्या जुन्या नोंदींवरून रद्द केली, कर्जं फेडून झाली होती असं त्याचं म्हणणं होतं, पण २०२५ मधे मद्रास हायकोर्टानं बँकेचीच बाजू उचलून धरली, लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराला शिस्त पाहिजे आणि जाहिरातीत अट आधीच होती असं सांगून. पैसे फेडले म्हणजे नोंद पुसली असं होत नाही. कायद्यानं ब्युरोला ही माहिती किमान ७ वर्षं ठेवायची असते.

आता माझं म्हणणं. नोकरी देताना माणसाच्या कर्ज-उधारीची चौकशी करणं आपल्याकडं नवं नाहीच, सिबिल यायच्या आधीपासून पतसंस्थेत क्लार्क घेताना संचालक गावात विचारायचे, घर कसं आहे, बापाची उधारी किती, सोसायटीचं कर्ज वेळेवर जातं का. त्या चौकशीत वशिला, भाऊबंदकी, जातपात सगळं यायचं, तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही, पण एक होतं, कुणीतरी सांगायचा की आवंदा महापुरात ऊस गेला त्याचा म्हणून थकलंय, माणूस चांगलाय. रिपोर्टात कारण लिहायला असा रकाना नाही. शैक्षणिक कर्जाचंच बघा, शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर सवलत असते, मग हप्ता सुरू, नोकरी अजून नाही म्हणून हप्ता बाप भरतो आणि बाप भरतो उसाच्या बिलातनं. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, पण बिल कारखान्याच्या सोयीनं येतं. कारखान्याचा उशीर पोराच्या नावावर ६० म्हणून छापला जातो, कारण मुख्य कर्जदार पोरगं, बाप सहकर्जदार, डाग दोघांनाही. मग नोकरी नाही म्हणून हप्ता नाही आणि हप्ता नाही म्हणून नोकरी नाही, हे चक्र फिरत बसतं.

जामीनदाराचंही तसंच. मित्राच्या टेम्पोला, मेव्हण्याच्या दुकानाला सही केली की ते कर्ज आपल्याही रिपोर्टात दिसू शकतं. सही मागणारा चहा पाजतो, तेवढ्यावर बरेच जण फसलेत.

आमच्या घरातलं सांगतो. चुलतभावानं कॉलेजात असताना १२ हप्त्यांवर मोबाईल घेतला, सगळे भरले, फक्त एका महिन्यात खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता बाउन्स झाला, तो त्यानं चार दिवसांनी भरला पण बाउन्स चार्ज ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये तसेच राहिले. कुणी फोन केला नाही, केला असेल तर यानं स्पॅम समजून कापला असेल. तीन वर्षांनी एका फायनान्स कंपनीत सिलेक्शन झालं, कागदपत्रांच्या यादीत क्रेडिट रिपोर्ट होता, काढला तर खातं चालूच, थकबाकी ५९०. पैसे त्याच दिवशी भरले, नो ड्यूज लेटर मिळवायला मात्र शाखेत पाच चकरा, आणि जॉइनिंगची तारीख महिनाभर पुढं ढकलून मागावी लागली. मिळाली म्हणून बरं.

हा रिपोर्ट त्यालाच काढून द्यायला सांगितला हेही लक्षात घ्या. क्रेडिट माहितीचा कायदा २००५ चा आहे, त्यात ब्युरोकडून माहिती घ्यायचा हक्क बँका वगैरे ठरावीक संस्थांना दिलाय, साध्या कंपनीच्या एचआरला बटण दाबून तुमचा रिपोर्ट ओढता येत नाही, म्हणून तुमच्याकडूनच मागतात नाहीतर संमतीची सही घेतात. जॉइनिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात ती सही कुठं झाली हे बहुतेकांना आठवतही नाही. अमेरिकेत १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टप्रमाणे आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि रिपोर्टवरून नाकारायचं असेल तर नाकारण्याआधी त्याची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी लागते म्हणजे चूक असेल तर त्याला सांगता येतं, कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांनी तर बहुतेक नोकऱ्यांसाठी असली तपासणीच बंद केलीय. आपल्याकडं खाजगी नोकरीसाठी असं नाकारण्याआधी दाखवायचं बंधन नाही, ‘आम्ही कळवतो’ म्हणतात आणि विषय संपतो.

नोंद चुकीची असेल तर ब्युरोच्या साईटवर तक्रार टाकायची, ब्युरो बँकेला विचारतो, बँकेनं मान्य केल्याशिवाय तो स्वतःहून काही बदलत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ मधला नियम. खरी थकबाकी असेल तर सगळी भरून ‘क्लोज्ड’ करून घ्यायची, सेटलमेंटच्या नादाला लागायचं नाही. आणि पैसे घेऊन महिन्यात सिबिल क्लीन करून देतो म्हणणाऱ्यांकडं तर फिरकायचंही नाही, त्यांच्या हातात काहीच नसतं.

रिपोर्ट वर्षातनं एकदा प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो, २०१७ पासून, म्हणजे चार ब्युरो धरले तर दर तीन महिन्याला एक बघता येतो आणि स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. बघताना आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासायचा. या जिल्ह्यात एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात, वडिलांच्या नावासकट, आणि दुसऱ्याच पाटलाचा ट्रॅक्टर आपल्या खात्यावर चढलेला असू शकतो.