घरगुती बाळंतपण

घरगुती बाळंतपण : रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा खाजगी प्रसूतिगृह यांच्याबाहेर, बहुधा सासरी वा माहेरी होणारी प्रसूती. उसाच्या फडावरची कोपी (मजुरांची झोपडी), वीटभट्टी आणि दवाखान्याची वाट येथे झालेल्या बाळंतपणांचाही विचार या नोंदीत केला आहे. जगाच्या बहुतेक भागांत विसाव्या शतकापर्यंत घरीच बाळंत होण्याची रीत होती. दवाखाना मागाहून आला. याचा विसर पडला की ‘बाया दवाखान्यात का येत नाहीत?’ या प्रश्नाला ‘अज्ञान’ हे आयते उत्तर मिळते.

शब्द व प्राचीन उल्लेख : घरी बाळंतपण करणाऱ्या स्त्रीला मराठीत सुईण किंवा दाई म्हणतात. सुईण हा शब्द ‘सू’ (प्रसवणे) या संस्कृत धातूकडे नेतात. दाई हा फार्सी ‘दाया’वरून आला असे सामान्यतः मानले जाते, काही जण त्याचा संबंध ‘धात्री’शी जोडतात. ‘दाया’ व ‘धात्री’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी दूध पाजण्याचा अर्थ असल्याने ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. तरी मराठीतील रूप फार्सीमार्गे आले असावे, हेच अधिक संभवनीय वाटते.

चरकसंहिता (शारीरस्थान, अध्याय ८) आणि सुश्रुतसंहिता (शारीरस्थान, अध्याय १०) यांत सूतिकागाराचे (बाळंतपणाच्या खोलीचे) वर्णन आहे. दोन्ही ग्रंथांवर पुढे संस्कार झाल्याने त्यांचा काळ नेमका सांगता येत नाही. उपलब्ध रूप इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांतील असावे. सूतिकागाराचे दार चरक पूर्वेला वा उत्तरेला सांगतो, सुश्रुत पूर्वेला वा दक्षिणेला. सुश्रुताने खोलीचे माप आठ हात लांब व चार हात रुंद असे दिले आहे. सोबतीला कोण असावे याबद्दलची वाक्ये या मापांहून मोलाची आहेत. चरकाला अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू स्त्रिया हव्या आहेत. सुश्रुताला प्रौढ वयाच्या, प्रसवकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या चार जणी. नखांची ही अट विसाव्या शतकातील दाई-प्रशिक्षणात पुन्हा शिकवावी लागली.

आधुनिक काळ : १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व रुग्णालये यांची सोय होऊ लागली, मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे. दायांना शिकवण्यासाठी लेडी कर्झन यांनी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड काढला. स्वातंत्र्यानंतरही दाई-प्रशिक्षण चालू राहिले. साबण, नवे ब्लेड, दोरा व प्लॅस्टिकचा कागद एवढेच बहुधा दाईला दिलेल्या पेटीत असे. पण विळ्याने वा जुन्या पात्याने नाळ कापल्यामुळे होणारा नवजाताचा धनुर्वात आटोक्यात आणण्यात, गरोदरपणीच्या लसीबरोबर, स्वच्छ नाळ कापण्याचाही वाटा होता. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. १९९० नंतर धोरणाचा रोख दाईकडून प्रशिक्षित परिचारिकेकडे आणि पुढे दवाखान्याकडे वळला.

प्रमाण : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण १९९२-९३ मध्ये सुमारे २६ टक्के, २००५-०६ मध्ये ३८·७ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ८८·६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ६४·६ (२००५-०६) वरून ९४·७ टक्क्यांवर गेले. नागालँडमध्ये मात्र २०१९-२१ च्या फेरीतही निम्म्याहून कमी राहिले. इथिओपियात २०१६ मध्ये ते २६ टक्के व नायजेरियात २०१८ मध्ये ३९ टक्के होते.

कारणे : थॅडियस व मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली : निर्णयाला, पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. ही मांडणी अडलेल्या बाईसाठी आहे. कळा नेमाने चालल्या असताना घरच्यांना उशीर झाल्यासारखे वाटतच नाही. २००५-०६ च्या सर्वेक्षणात घरी बाळंत झालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रियांनी ‘गरज वाटली नाही’ असे कारण दिले. खर्चाचे कारण सुमारे एक-चतुर्थांश जणींचे होते. ‘गरज वाटली नाही’ या तीन शब्दांत पुष्कळ काही दडलेले असते. आधीची दोन-तीन बाळंतपणे सुखरूप झालेली असतात, मागे लहान मूल, शेळ्या आणि रोजाचे काम असते, गाडी सांगायला सासरा किंवा नवरा घरी नसतो.

घरी बाई उकिडवी बसून दोरीला किंवा आईच्या खांद्याला धरून जोर देते. दवाखान्यात ती टेबलावर उताणी असते, परक्या माणसांसमोर, आणि सासू-आई बाहेर बाकावर. घरी बाळामागून पडणारी वार अंगणात पुरतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात. दवाखान्यात यांतले बहुतेक होत नाही. ‘फाडतील’ ही भीती खुळी म्हणून सोडून देता येत नाही : २०१९-२१ मध्ये देशातील खाजगी दवाखान्यांतल्या ४७·४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी दवाखान्यांत १४·३ टक्के. शिवाय सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत असली, तरी पदरचा सरासरी २,९१६ रुपये खर्च त्याच फेरीत नोंदला गेला.

मेळघाटात आणि नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा भागात पावसाळ्यात नाले भरले की पाडे तुटतात. पालघरच्या पाड्यांवरून बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा ठिकाणी सुईण हाकेवर असते.

योजना व मतभेद : एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत, मागे पडलेल्या राज्यांतील ग्रामीण मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यास १,४०० रुपये मिळतात, महाराष्ट्रासारख्या राज्यांत ७००, तेही ठरावीक गटांनाच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने (२०११) औषधे, आहार व वाहन मोफत केले. पैशामुळे बाया दवाखान्यात आल्या, यावर दुमत नाही. जीव किती वाचले, यावर आहे. लिम व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासाला नवजात मृत्यू कमी झाल्याचे आढळले. रणदिवे व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नऊ राज्यांतील जिल्हावार आकडे पाहिले, तेव्हा दवाखान्यातील प्रसूती वाढणे आणि मातामृत्यू घटणे यांचा संबंध दिसला नाही. रक्त, भूल आणि शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या केंद्रात अडलेली बाई आणली तर तिसरा विलंब शिल्लक राहतोच, हे पाहता दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने (स्थापना १९८६) वेगळी वाट घेतली. बाळंतपणे घरी होतच आहेत, तर बाळाची काळजी घरीच पोहोचवावी, म्हणून ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रिया तयार केल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. आशांच्या (गावातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या) घरभेटींचा कार्यक्रम पुढे याच धर्तीवर आला.

दिवस भरत आले की गरोदर बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्याची कल्पना क्यूबात १९६२ पासून आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत त्यासाठी ‘माहेरघर’ आहे. नाव नेमके पडले आहे, कारण पहिलटकरणीने माहेरी जावे ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाईला घर सोडून आठ-दहा दिवस राहणे अवघड जाते.

ऊसतोड मजूर : दिवाळीच्या आसपास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीवर घेतलेली असते. बाई कामावर आली नाही तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे कापले जातात. म्हणून दिवस भरत आले तरी मोळ्या वाहणे चालू राहते. गरोदरपणाची नोंद गावच्या आशाकडे राहते आणि कळा येतात दोन जिल्हे पलीकडच्या फडावर. तेथे शेजारच्या कोपीतली वयस्क बाईच सुईण होते.